टायर फुटला नव्हता

दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, अकोल्यात पातूर रस्त्यावरच्या एका ट्रकदुरुस्तीच्या कारखान्यात हवा भरताना चाकाची लोखंडी रिंग सुटली. ती छपराचा पत्रा फाडून आवाराबाहेर पडली. हवा भरणाऱ्या मिस्त्रीचा उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला आणि गालाला टाके पडले. कोणी दगावले नाही. साल १९६१ की १९६२, याबद्दल माझी आणि माझ्या मोठ्या भावाची आठवण जुळत नाही. बाकी तपशील जुळतो.

भाऊ त्या कारखान्यात चाकांचे काम करणारा मुख्य मिस्त्री होता. अपघात झाला तेव्हा तो तेथे नव्हता. रजा घेऊन तो अमरावतीला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला, तेव्हा मालकाने त्याला फाटकातूनच परत पाठवले. भावाने अपघाताच्या आदल्या दिवशी दुरुस्त केलेला टायर फुटला आणि त्यामुळे माणूस जखमी झाला, असे कारण सांगितले.

म्हणून प्रश्न एकच होता. टायर फुटला असेल तर दोष भावाचा होता आणि त्याचे काम गेले त्यात काही गैर नव्हते. रिंग सुटली असेल तर दोष त्याचा नव्हता. याचे उत्तर छापून यायला पाच आठवडे लागले. उशिराला जी कारणे होती, त्यातले एक मी होतो. मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो.

त्या काळी ट्रकचे चाक एकसंध नसे. लोखंडी डिस्कवर टायर चढवला की तो बाहेर घसरू नये म्हणून डिस्कच्या काठावरच्या खाचेत एक लोखंडी कडे बसवत. हे कडे एका जागी कापलेले असे, त्यामुळे पहारीने फाकवून ते खाचेत सोडता येई. कारखान्यात त्याला लॉक रिंग म्हणत. टायरमध्ये भरलेली सगळी हवा आतून या रिंगेला ढकलत असते. रिंग खाचेत पुरती बसली असेल तर वर्षानुवर्षे काही होत नाही. अर्धवट बसली असेल तर ती हवा भरतानाच सुटते, आणि समोर जो असेल त्याला ती दिसतही नाही.

रस्त्यावर तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेले अमेरिकन ट्रक होते, इंग्रजी बनावटीचे होते आणि देशात जोडलेले नवेही होते. एकाची रिंग दुसऱ्याच्या खाचेत जात असे. फरक सुताएवढा असे. तो डोळ्याला दिसत नसे, बोट फिरवले तर कळे.

हे सर्व भाऊ लढाईच्या काळात सैन्याच्या मोटार कारखान्यात शिकला होता. तेथे तो चार वर्षे होता. त्याचे नियम ठरलेले होते. चाक गाडीवरून उतरवण्याआधी व्हॉल्व्ह काढून सगळी हवा सोडायची. रिंग काढली की ती त्याच्याच डिस्कला तारेने बांधायची, दोन्हींवर खडूने एकच आकडा घालायचा. रिंग आडवी ठेवायची, टांगायची नाही, कारण टांगून ती फाकते. तिच्यावर पाय द्यायचा नाही. हवा भरण्याआधी चाकाला साखळीचे तीन वेढे घालायचे, आणि हवा भरणाऱ्याने चाकाच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहायचे. चाकात हवा असताना रिंगेवर हातोडा मारायचा नाही. प्रत्येक टायरच्या अंगावर कंपनीकडून आलेला जो नंबर कोरलेला असतो, तो भाऊ एका वहीत लिहून ठेवी. ही सवयही सैन्यातली.

कारखान्यात या सगळ्याला ‘पलटणीचे नखरे’ म्हणत. मालक स्वतः वाईट माणूस नव्हता. त्याची पातूरकडे काळी जमीन होती, दोन ट्रक होते, आणि कारखाना त्याने ट्रकांसाठीच काढला होता. भाऊ चाक बांधत असताना तो कधीकधी मागे येऊन उभा राही.

“मिस्त्री, हे चाक हाय का बैल? साखळीनं बांधून राहिला तो.”

“बैल बरा, मालक. बैल लाथ मारायच्या आधी कान टवकारते.”

लोक हसत. साखळी मात्र बांधली जाई. डिस्कवर छिन्नीने कायमचा आकडा कोरू द्या, असे भावाने दोनदा सांगितले होते. गिऱ्हाइकाच्या मालावर खुणा करायच्या नाहीत, असे मालकाचे म्हणणे होते. म्हणून खडूच राहिला.

त्या वर्षी खांडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारखान्यात नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा झाली. पाने, हातोडे, जॅक, पंप धुऊनपुसून मांडले गेले. त्या वर्षी कोणाच्या तरी मनात आले की रिंगाही मांडाव्यात. कोणाच्या, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. चार जणांनी चार नावे सांगितली. आवारात तेव्हा तीसेक चाके उघडून पडली होती. त्यांच्या रिंगांच्या तारा सोडल्या गेल्या. रिंगा रॉकेलने घासून धुतल्या, गंजाबरोबर खडूही गेला. मग सगळ्यांना लाल रंग दिला, वाळल्यावर हळदकुंकू वाहिले, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. पूजेनंतर रिंगा भिंतीतल्या लोखंडी दांड्यावर लहानमोठ्या क्रमाने टांगून ठेवल्या. ज्यांनी ते पाहिले त्यांनी मला सांगितले की आवार इतके देखणे आधी कधी दिसले नव्हते.

भाऊ त्या दिवशी नव्हता. आमच्या घराने छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून तो दरवर्षी नवमीला सकाळच्या गाडीने नागपूरला जाई आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परते. मालकाने ही रजा कधी नाकारली नव्हती.

तो परतला तेव्हा दांड्यावर तीस लाल रिंगा होत्या. पुढचे बोलणे मला भावाने सांगितले आणि नंतर मालकानेही, दोघांत फारसा फरक नव्हता.

“मालक, हे कोनं केलं?”

“काहून? पूजा केली. त्याच्यात काय वाईट झालं?”

“पूजा करा नं. मी कुठी नाही म्हनून राहिलो? पन रिंगा सोडून कावून धुतल्या?”

“धुतल्याबिगर पूजा होते काय? तू आंघोळ करत नाही का, बापा?”

“कोनती रिंग कोन्या चाकाची, आता कसं सांगू?”

“तुले आमची पूजा पटत नाही, ते सांग ना सरळ. रिंगेचं नाव कावून घेतं?”

भावाने मला हे वाक्य तीन-चार वेळा सांगितले. तो रिंगेबद्दल बोलत होता आणि ऐकणाऱ्याला ते पूजेबद्दल वाटत होते. नंतरच्या दिवसांत त्याने जे जे सांगितले, त्याचे असेच झाले. साखळी मागितली तरी, खडू मागितला तरी. चाकांच्या कामावर भावाच्या जोडीला असलेल्या दुसऱ्या मिस्त्रीने एकदा दांड्याला हात जोडून म्हटले, “पाया पडतो, रिंगाबाई, ह्या मिस्त्रीले तेवढी बुद्धी दे.” पूर्वी अशा थट्टेला भाऊ उत्तर देत असे. आता दिले नाही.

त्याने एकेक रिंग काढून एकेका डिस्कवर बसवून पाहायला सुरुवात केली. बोट फिरवायचे, खाच तपासायची, जुळली की तार बांधायची. हे काम तो जेवणाच्या सुट्टीत करी, कारण कामाच्या वेळात मालकाला चाके बाहेर निघालेली हवी होती. आठ दिवसांत तेवीस रिंगा जुळल्या. सात उरल्या. त्या कोणत्या बनावटीच्या ते त्याला ठरवता येईना. त्याने त्या सात रिंगा पोत्यात घातल्या, पोत्याचे तोंड शिवले आणि दुसऱ्या मिस्त्रीला सांगितले, “याले हात लावू नको. मी अमरावतीहून माप घेऊन येतो.”

अमरावतीत सैन्यातला त्याचा एक सोबती सरकारी गाड्यांच्या कारखान्यात होता. त्याच्याकडे निरनिराळ्या डिस्कच्या खाचांची मापे लिहिलेला कागद होता. भावाने मालकाकडे एका दिवसाची रजा मागितली. मालकाने दिली. “जा. माप आन, फोटो आन, पन परवा ये,” असे तो म्हणाला.

आदल्या दिवशी संध्याकाळी भावाने एका ट्रकच्या मागच्या टायरला आतून गेटर लावला होता. टायरला बाहेरून चीर पडली की आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतात, त्याला गेटर म्हणत. तो ट्रक कपाशी घेऊन अंजनगाव सुर्जीला जाणारा होता. त्याचे हे चाक नवमीआधीपासून आवारात उघडून पडले होते, आणि त्याची रिंग पोत्यातल्या सातांपैकी एक होती. टायर तयार होता, रिंग नव्हती. परवापर्यंत थांबा, असे भावाने ड्रायव्हरला सांगितले होते.

ड्रायव्हर थांबला नाही. सकाळी दहा वाजल्यापासून तो फाटकात हॉर्न वाजवत होता. अकराच्या सुमारास पोते उसवले गेले. साखळी आवारात नव्हती. पावसाने झालेल्या चिखलात रुतलेला एक ट्रक ओढायला ती सकाळीच बाहेर गेली होती. दुसऱ्या मिस्त्रीने सातांतली एक लाल रिंग बसवली. ती पुरती बसेना म्हणून हवा भरता भरता हातोडा मारला. साडेबाराला ती सुटली.

त्या वेळी भाऊ अमरावतीत माझ्या टेबलासमोर बसला होता. मापांचा कागद त्याला मिळाला होता. त्याने तो उलगडून मला खाचांची चित्रे दाखवली आणि लॉक रिंग म्हणजे काय, ती कशी सुटते, हे पेन्सिलीने काढून समजावले. चार वाजता तो अकोल्याची गाडी धरायला बडनेरा स्टेशनवर गेला.

साडेपाचला अकोल्याच्या वार्ताहराचा फोन आला. फोनवरचा मजकूर मी उतरवून घेतला. पातूर मार्गावरील एका मोटार कारखान्यात ट्रकच्या चाकात हवा भरत असता लॉक रिंग निसटून एक मिस्त्री जखमी, असा तो होता. कारखान्याचे नाव नव्हते. त्या रस्त्यावर असे कारखाने बरेच होते. पानावर तीन ओळींची जागा होती. ज्या शब्दाला समजावून सांगावे लागते तो जागा नसेल तर काढावा, असा आमच्याकडचा नियम होता. मी ‘लॉक रिंग निसटून’ खोडून ‘टायर फुटून’ केले. लॉक रिंग म्हणजे काय, हे मला दीड तासापूर्वी कळले होते. वाचकाला ते माहीत नसेल, असे मी धरले. उतरवून घेतलेला कागद टोपलीत टाकला.

बातमी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर तळाला आली.

चार दिवसांनी भाऊ पुन्हा अमरावतीला आला. त्याने खिशातून कात्रण काढून माझ्यासमोर ठेवले.

“हे कोनं लिवलं?”

मी सांगितले.

त्याने कात्रणावर बोट ठेवले. मग म्हणाला, “लहान्या, तुले मी चित्र काढून दाखोलं होतं ना?”

त्याने पुढे सांगितले की, अपघाताच्या दिवशी मालकाने कोणाचाच दोष काढला नव्हता. आवाज मोठा झाला, ट्यूब फाटली, धूळ उडाली; नक्की काय झाले ते आवारातल्या कोणाला लगेच कळले नव्हते. सकाळी पेपर आला. पेपरात टायर होता. टायर कोणी दुरुस्त केला ते सगळ्यांना माहीत होते.

मी त्याच दिवशी संपादकांकडे गेलो. ते पुण्याकडून आलेले, मितभाषी गृहस्थ होते.

“दुरुस्ती छापायची असेल तर पुरावा लागेल,” ते म्हणाले. “फोनवर काय शब्द होता?”

“लॉक रिंग.”

“तो कागद?”

“टाकला.”

“वार्ताहर काय म्हणतो?”

वार्ताहराला मी विचारले होते. कारखान्यासमोरच्या पानठेल्यावर ऐकले, असे त्याने सांगितले होते. स्वतः तो आवारात गेलाच नव्हता.

“म्हणजे पानठेला एक सांगतो आणि तुमचे भाऊ तेच सांगतात,” संपादक म्हणाले. “तुमचे भाऊ तेव्हा कुठे होते?”

“इथे.”

त्यांनी चष्मा पुसला आणि दुसरा कागद ओढला.

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो. आधी मोठ्या दवाखान्यात. दुसऱ्या मिस्त्रीचा हात प्लास्टरमध्ये होता, गाल सुजलेला होता. भाऊ त्याच्यासाठी केळी घेऊन आला होता. ते दोघे सात वर्षे एकत्र काम करत होते.

“टायर फुटला का रिंग सुटली?” मी विचारले.

“तुमी पेपरवाले आहा ना? तुमीच लिवलं, टायर फुटला म्हनून.”

“ते चुकलं. तुमी काय पाहिलं?”

तो भावाकडे वळला. “पाहिलं काय, काहीच नाही. लाल लाल काहीतरी गेलं डोयासमोरून. मंग अठी जाग आली.”

“लाल म्हणजे रिंग,” मी म्हणालो. “टायर काळा असतो.”

“हाव.”

“एवढं लिहून द्याल?”

“नाही बा.” तो लगेच म्हणाला. “पोतं म्या उसवलं. साखळी नवती, तरी हवा म्या भरली. हातोडा म्या मारला. रिंग सुटली म्हटलं तं मी गेलो. टायर फुटला म्हटलं तं हा गेला. मले पाच लेकरं आहेत, भाऊ.” मग भावाला म्हणाला, “तुले तरी दोनच आहेत.”

भावाने केळी उशाशी ठेवली. बाहेर आल्यावर मी म्हणालो की तो खोटे बोलतो आहे. भाऊ म्हणाला, “खोटं कुठी बोलला? सारं खरंच सांगतलं त्यानं.”

त्याच दिवशी मालकाकडे गेलो. कात्रण त्याच्या टेबलाच्या काचेखाली होते.

“तुमचाच पेपर हाय ना हा?” त्याने विचारले. “मंग? आपल्याच पेपरले खोटं म्हनता?”

“बातमीत चूक झाली. ती माझ्या हातून झाली.”

“आता भावाचं काम गेलं म्हनून चूक झाली. काम नसतं गेलं तं?”

मी फाटलेला पत्रा दाखवला. टायर पत्रा असा चिरत नाही, म्हटले. त्याने मान वर करून पाहिले.

“पत्रा जुनाच होता.”

“रिंग कुठे आहे ती?”

“बाहेर पडली होती. कोनी नेली असन. लोखंड हाय, पडून राहते काय?”

“आणि टायर?”

“टायर गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाईक घेऊन गेला.”

भाऊ इतका वेळ फाटकाबाहेर उभा होता. त्याला आत बोलावले नव्हते. हे शेवटचे वाक्य ऐकून तो पहिल्यांदा आत आला.

“घेऊन गेला? कशावर घेऊन गेला, मालक?”

“कशावर म्हंजे? ट्रकवर. नवीन ट्यूब घातली, दुसरी रिंग आनली बाजारातून, अन् गेला.”

“मंग फुटलेला टायर ट्रकवर चालून राहिला का?”

मालकाने पुन्हा वर पत्र्याकडे पाहिले. मग म्हणाला, “तू तं पूजेच्या दिवसापासून खुसपटच काढून राहिला.”

टायर धड असेल आणि त्याच ट्रकवर चालत असेल, तर टायर फुटला नव्हता. टायरचा नंबर भावाच्या वहीत होता. आता तो ट्रक शोधायचा होता.

यात तीन आठवडे गेले. ट्रक अंजनगाव सुर्जी आणि अकोला यांच्यामध्ये कपाशी वाहत होता, एवढेच माहीत होते. भाऊ घरी बसून होता, तो रोज सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या रस्त्यावर जाऊन उभा राही. वहिनी म्हणाली, “पह्यले कामाले जात, आता ट्रक मोजाले जातात.” दोनदा ट्रक दिसला, दोन्ही वेळा थांबला नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे बसने अंजनगावला गेलो. ट्रक सकाळीच परतवाड्याकडे गेला होता. पुढच्या सुट्टीला पुन्हा गेलो. तो लाकूड भरायला चिखलदऱ्याच्या घाटात गेला होता, कधी येईल ते कोणी सांगेना. तिसऱ्या खेपेला जिनिंगच्या आवारात तो उभा सापडला. ड्रायव्हर सावलीत भाकर खात होता. पन्नाशीचा, अंगाने आडवा माणूस. त्याने भावाला ओळखले.

“अरे, पलटनवाले मिस्त्री! तुमी परवापर्यंत थांब म्हनलं होतं. मी थांबलो असतो तं त्या बिचाऱ्याचा हात मोडला नसता. बसा, भाकर खा.”

“तुमी हॉर्न वाजोला नसता तं कोनाचंच काही झालं नसतं,” भाऊ म्हणाला.

“खरं आहे,” ड्रायव्हर म्हणाला आणि भाकर पुढे केली.

मागच्या डाव्या बाजूचा बाहेरचा टायर तोच होता. बाजूवर बोटभर लांबीची चीर दिसत होती, ती आतून गेटरने धरलेली होती आणि उघडली नव्हती. चिखलाने भरलेला नंबर भावाने धोतराच्या सोग्याने पुसला. मी एकेक आकडा मोठ्याने वाचला, तो वहीत पाहत गेला. सातही आकडे जुळले.

मी ड्रायव्हरला विचारले, हा टायर अपघाताच्या वेळी चाकात होता का. होता, असे तो म्हणाला. त्यानंतर बदलला का. नाही. मी ते चार ओळींत लिहिले, वाचून दाखवले, त्याने खाली सही केली. सही करताना त्याने विचारले, “याच्यात माह्या हॉर्नचं तं नाही लिवलं?” मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद संपादकांपुढे ठेवला आणि दुरुस्तीचा मजकूरही. मजकुरात दोन वाक्ये होती. टायर फुटला नव्हता. चाकाची लॉक रिंग निसटल्याने अपघात झाला.

त्यांनी कागद दोनदा वाचला. नंबर वहीतल्या नंबराशी पडताळून पाहिला. पहिल्या वाक्याखाली खूण केली. दुसरे खोडले.

“टायर धड आहे हे तुम्ही पाहिलं,” ते म्हणाले. “रिंग निसटली हे कोणी पाहिलं?”

“टायर फुटला नाही, तर दुसरं काय होणार?”

“तो तर्क आहे. तुम्ही मागे तर्कच छापला होता.”

दुरुस्ती शनिवारी तिसऱ्या पानावर आली. गेल्या महिन्यात अकोल्याच्या मोटार कारखान्यातील अपघाताच्या बातमीत टायर फुटल्याचे म्हटले होते. तो टायर फुटला नव्हता, असे आढळून आले आहे. एवढीच.

रविवारी भाऊ आणि मी तो अंक घेऊन मालकाच्या घरी गेलो. त्याने ओसरीवर बसवले, चहा दिला. दुरुस्ती वाचायला त्याला शोधून द्यावी लागली. त्याने ती बोट ठेवून वाचली.

“बरं,” तो म्हणाला. “टायर नाही फुटला. मंग काय झालं?”

“रिंग सुटली, मालक,” भाऊ म्हणाला. “सरमिसळ झाली होती.”

“तसं तं अठी लिवलं नाही.”

भावाने माझ्याकडे पाहिले. मी संपादकांचे म्हणणे सांगितले. मालकाने ते लक्ष देऊन ऐकले आणि मान डोलावली. त्याला ते पटले, असे दिसले.

“पाह्य मिस्त्री,” तो म्हणाला, “टायर तुह्या हातचा होता अन् तो फुटला नाही, हे पेपरनं लिवलं. म्हनून तुह्यावर माहं काही नाही. पन पूजेनं मानूस मेला असता असं तू लोकाइले सांगत फिरशील, तं ते मले चालनार नाही.”

“मी पूजेचं नाव एकदाही घेतलं नाही.”

“रिंगेचं घेतलं ना. ते काय, येकच झालं.”

“येक नाही, मालक.”

“तुह्यासाठी नसन.” मालकाने अंकाची घडी घातली आणि परत दिली. “उद्यापासून ये. पन चाकाले हात लावू नको. दुसरा मिस्त्री बरा होऊन आला की चाकं तोच पाहील.”

दुसरा मिस्त्री पुढच्या महिन्यात कामावर आला. त्याचा हात कोपरात पुरता वळत नव्हता. चाकांचे काम त्याच्याकडे गेले.

भाऊ सोमवारी सकाळी आठ वाजता हजर झाला. त्याला ग्रीसिंगच्या खड्ड्यात, गाड्यांखाली उभे राहून वंगण लावायचे काम देण्यात आले. तो त्या कारखान्यात आणखी सहा वर्षे होता आणि सहाही वर्षे खड्ड्यातच होता.